पडद्याआधी पायाखालचं

पोऱ्या, घरात गोल्फचा सिम्युलेटर बसवायचं ठरवलंस, ऐकून फार बरं वाटलं. आपल्या जळगाव-धुळ्याच्या माणसाला गोल्फ खेळायचा म्हणजे गाडी काढून लांब जाणं आलं. नाशिकला ज्याला सगळे ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात, त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर तर क्रिकेटचे, रणजीचे सामने होतात. खरी हिरवळ हवी तर पुण्यात येरवड्याला पूना क्लब, नाहीतर मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला, तेव्हा २०२१ च्या त्या पहाटे तू मोबाईलला कसा चिकटून बसला होतास, ते विसरलेलो नाही मी. तेव्हा हौस खरी आहे, आणि मागच्या अंगणातली खोलीही रिकामीच पडली आहे.

तुझी खरेदीची यादी वाचली. प्रोजेक्टर, पडदा, चेंडू मोजणारं यंत्र, सगळं नावानिशी आणि किमतीनिशी. सगळ्यात खाली ‘मॅट’, आणि तिच्यापुढे ‘कुठलीही चालेल’. तेवढी एक ओळ खोडायला लावण्यासाठी हे सगळं लिहितोय.

१. मॅटचे पैसे आधी बाजूला काढ, उरलेल्यात पडदा नि प्रोजेक्टर बसव – पडदा नुसता बघायचा असतो, मॅटवर तुझं मनगट रोज आदळणार असतं. आमच्यात म्हणतात ते ध्यानात ठेव: स्वस्त मॅट, महाग कोपर.

२. कुठल्याही मॅटला मनातल्या मनात दोन प्रश्न विचार: माझी चूक मला सांगशील का, आणि सांगताना मारशील का? – कडक मॅट चूक लपवते आणि वर हातालाही मारते, म्हणून ती दोन्हीकडून वाईट.

हे जरा नीट समजून घे, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. हिरवळीवर आयर्नने चांगला फटका बसतो तेव्हा काठीचं डोकं आधी चेंडूला लागतं, मग जमिनीला. मातीचं ढेकूळ चेंडूच्या पुढे निघतं. काठी दोन इंच मागे पडली की ती मातीत रुतते, चेंडू चार पावलं जातो, आणि चूक तिथल्या तिथे कळते. कडक मॅटवर तसं होत नाही. काठी मागे आपटते, वरून घसरते, उसळून चेंडूला लागते, आणि पडद्यावर चेंडू झकास उडालेला दिसतो. यंत्रही ‘वा’ म्हणतं. मग सहा महिन्यांनी येरवड्याला जाऊन माणूस गवतावर उभा राहतो आणि त्याला वाटतं, रात्रीत आपला खेळ गेला कुठे! गेला नाही रे भो, तो तसाच होता. मॅटने सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या क्रिकेटवाल्यांना हे जुनं ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी मॅटिंगवर खेळून आलेल्या पोराला खऱ्या खेळपट्टीवर चेंडूची उसळी नव्याने शिकावी लागते.

३. चुकीची किंमत शरीर मोजतं, हे विसरू नकोस – हौशी माणसाच्या ड्रायव्हरचं डोकंसुद्धा ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येतं. आयर्न थोडा हळू येतो, पण तो खाली जमिनीकडे येतो, आणि तो धक्का काठीतून सरळ हातात चढतो.

४. तू उजव्या हाताने खेळतोस, म्हणून डाव्या कोपराची बाहेरची बाजू आणि उजव्या कोपराची आतली बाजू रोज चाचपून बघ – पहिलीकडच्या दुखण्याला डॉक्टर टेनिस एल्बो म्हणतात, दुसरीकडच्याला गोल्फर्स एल्बो. दुखणं आधी दाराची मूठ फिरवताना नाहीतर पाण्याची कळशी उचलताना जाणवतं, खेळताना नव्हे.

५. दुखलं तर त्याच दिवशी काठी खाली ठेव – चार दिवसांची विश्रांती स्वस्त पडते, चार महिन्यांची नाही. कोपर बोललं की ऐकावं, ओरडेपर्यंत थांबू नये.

आता दुकानात काय बघायचं ते सांगतो. आपण जळगावची माणसं, सोनं कसोटीवर घासल्याशिवाय घेत नाही. मॅटचंही तसंच कर.

६. मॅट उघड्या फरशीवर टाकायला लाव आणि मुठीची कड तिच्यावर जोराने आपट – खालची फरशी हाताला लागली तर ती काठीलाही लागणार. गालिच्यावर मांडून दाखवलेली मॅट सगळ्यांनाच मऊ वाटते.

७. दोन बोटांनी धागे फाक – तळाचं कापड लगेच दिसलं तर वीण विरळ आहे, आणि अशी मॅट चेंडूच्या जागी पहिल्या मोसमातच बसते.

८. धागा कशाचा ते विचार, आणि नायलॉनचाच माग – पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, नायलॉन २०० च्या बऱ्याच वर. काठी घासून जाते तेव्हा तेवढ्या टिकलीएवढ्या जागी क्षणभर चांगलीच उष्णता होते.

९. दुकानातल्या नमुन्यावर कुणी आयर्न मारला असेल तर त्या आयर्नचा तळ बघ – हिरवा ओघळ चिकटलेला असेल तर धागा वितळतोय. तो ओघळ तुझ्या नव्या काठीवरही बसेल आणि घासून निघता निघणार नाही.

१०. गच्चीवर घालतात ती कृत्रिम हिरवळ कापून आणू नकोस, कितीही सुंदर दिसली तरी – ती पायांसाठी विणलेली असते, काठीसाठी नव्हे. बॉक्स क्रिकेटच्या टर्फचा उरलेला तुकडा तर मुळीच नको, त्यातली वाळू आणि रबराचा चुरा दर फटक्याला डोळ्यात आणि यंत्राच्या काचेवर उडेल.

११. परवानगी घेऊन वेजने हलका अर्धा फटका मार, मुद्दाम चेंडूच्या दोन इंच मागे – ‘टक्’ वाजलं तर सोड, ‘धप्प’ वाजलं आणि काठी किंचित अडकली तर पुढे बोल.

१२. पण गादीसारखी मऊही घेऊ नकोस – काठी खोल रुतून पकडली गेली तर मनगट पिळवटतं, आणि चेंडू खाली दबून बसतो. मधलं हवं. ते हाताला कळतं, कागदावरच्या जाडीवरून कळत नाही.

दुकानदार तुला तीन-चार नावं सांगेल, ती ऐकून गांगरू नकोस. कंट्री क्लब एलिट म्हणजे जाड, दाट, उभ्या धाग्यांची मॅट. तिच्यात लाकडी टी सरळ खोचता येते. फायबरबिल्टमध्ये ब्रशसारखे उभे दांडे असतात, चेंडू त्यांच्या टोकावर बसतो आणि काठी त्यांच्यातून निघून जाते. ट्रूस्ट्राइकमध्ये हिरवळीच्या पट्टीखाली सिलिकॉनची जेल असते, ती फटक्याबरोबर पुढे सरकते, म्हणून माती हलल्यासारखं वाटतं. तिन्ही कोपराला सांभाळणाऱ्या आहेत. माझं मत विचारशील तर शिकणाऱ्याने चूक जास्त दाखवणारी घ्यावी, आणि ज्याचं कोपर आधीच कुरकुरतंय त्याने जास्त सोडून देणारी. तू अजून शिकतोयस, हे लाजायचं कारण नाही.

१३. चेंडूखालची पट्टी वेगळी काढता येईल अशीच मॅट घे – झिजणार फक्त हातभर जागा, मग तेवढ्यासाठी सगळी मॅट का फेकायची?

१४. पट्टीची आणि बाजूच्या मॅटची कड बोट फिरवून बघ – जोड वर आला असेल तर काठीची टाच त्यात अडकते, खाली गेला असेल तर धूळ साचते.

१५. पायाखाली घट्ट, चेंडूखाली मऊ – ही आपल्या घरची म्हणच समज. पाय मऊ गादीत डगमगले तर फटका रोज नव्याने चुकतो.

१६. पाय आणि चेंडू एका पातळीत हवेत, एका इंचाचाही फरक नको – चेंडू पायांपेक्षा वर असला तर तुझ्यासारख्या उजव्याचा फटका डावीकडे वळतो, खाली असला तर उजवीकडे. मग माणूस मॅट सोडून स्वतःचे हात दुरुस्त करत बसतो.

१७. मापाची पट्टी, पाणसळ आणि धाकटी बहीण घेऊन खोलीत जा, हे सगळं मोजूनच ऑर्डर दे – बहिणीला अशासाठी ने की ती तुझ्यासारखी घाईत नसते. अंदाजाने घेतलेलं मनासारखं नसतं.

१८. चेंडू मोजणारं यंत्र बाजूला ठेवायचं असेल तर ते मॅटच्या वरच्या पातळीला आण, फरशीवर ठेवू नकोस – मॅट दीड-दोन इंच जाड, यंत्र तेवढंच खाली, आणि मग चेंडू किती वर उडाला याचा हिशेबच चुकतो. स्कायट्रॅकसारखं बाजूने बघणारं यंत्र असो की ट्रॅकमॅनसारखं मागून रडारने मोजणारं, आधी त्याच्याबरोबरचं पुस्तक वाच.

१९. उभं राहायला निदान चार बाय पाच फूट मॅट हवीच, पाच बाय पाच मिळाली तर उत्तम – दारातल्या पायपुसण्याएवढे तुकडे विकतात ना, ते फटक्याबरोबर सरकतात.

२०. घरात कुणी डावखुरं असेल तर पट्टी मधोमध असलेली मॅट घे – आज पुतण्या चार वर्षांचा आहे, पण चमचा कुठल्या हाताने धरतो ते बघितलंस का?

२१. छत नऊ फूट असेल तर ड्रायव्हर आधी हळूच फिरवून बघ. दहा असेल तर निर्धास्त – आणि हे मॅटवर उभं राहून बघ. दोन इंचांची मॅट, आणि खाली लाकडी पाट केलास तर तोही, तुलाही तेवढंच वर उचलतात.

२२. टी दोन तऱ्हांच्या येतात. मला लाकडी टी घेणारी मॅट आवडते – उंची हवी तशी करता येते, तर रबरी टीला ठरलेलीच उंची. ड्रायव्हर टेकवल्यावर साधारण अर्धा चेंडू त्याच्या माथ्यावर दिसायला हवा.

२३. पुटिंगसाठी ही मॅट घेऊ नकोस, तिच्यावर पुटिंग शिकूही नकोस – उंच धाग्यात चेंडू अडखळत जातो. पुटिंगला वेगळी सपाट पट्टी घे, ती स्वस्त मिळते.

आता खोलीची जमीन. अंगणातली खोली रिकामी असूनही तुझ्या मनात माडी आहे, असं वहिनीने सांगितलं.

२४. माडीवर नको, तळमजल्यावर कर – लाकडी माडी दर फटक्याला थरथरते, आणि खाली आजोबांची दुपारची झोप असते. धाब्याच्या जुन्या घरात तर वरची माती खाली पानात पडेल.

२५. शहाबादी किंवा व्हिट्रिफाइड फरशीवर मॅट थेट टाकू नकोस, खाली बंद छिद्रांच्या फोमचा थर दे – फरशी धक्का परत पाठवते. हा फोम ईव्हीएचा घे. व्यायामशाळेत एकमेकांत अडकणारे तुकडे असतात, ते जळगावातही मिळतात.

२६. पाट बनवायचा असेल तर मरीन प्लाय वापर, त्यावर आयएस ७१० लिहिलेलं बघून घे, आणि खालून वाळवीचं औषध मार – आपल्या काळ्या मातीच्या घरांत वाळवी विचारून येत नाही.

२७. मॅटच्या पुढे पडद्यापर्यंतची फरशीही झाक – चेंडू ४६ ग्रॅमच्या आतला असतो, पण दगडावर आपटून उलट आला की भीमाच्या गदेसारखा लागतो.

आता जे परदेशातल्या माहितीपुस्तकात सापडणार नाही ते. ती पुस्तकं थंड तळघरांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, जूनमध्ये पहिल्या पावसाने भिंती घाम सोडतात, आणि एरवी वर्षभर धूळ आहेच. मॅट या तिघांशी भांडत जगणार आहे.

२८. पत्र्याच्या शेडमध्ये मॅट ठेवायचीच नाही – उन्हाळ्यात पत्र्याखाली चिकटवलेला थर सुटतो आणि कडा वर वळतात. वळलेल्या कडेला आधी पाय अडकतो, मग काठी.

२९. रबराचा तळ असेल तर विकत घेण्याआधी नमुना दुपारभर उन्हात ठेवून वास घे – दुकानातल्या एसीत वास झोपलेला असतो, तो तुझ्या बंद खोलीत मे महिन्यात जागा होईल.

३०. खिडकीतून थेट ऊन मॅटवर पडत असेल तर पडदा लाव – रंग उडतो ते एक वेळ चालेल, पण धागा ठिसूळ होऊन तुटतो. सकाळी कोणत्या बाजूने ऊन येतं आणि संध्याकाळी कोणत्या, दोन्ही बघ.

३१. जूनच्या आधी मॅट उभी करून खालची फरशी पुसून कोरडी कर, पावसाळ्यात महिन्यातून एकदा परत – उघड्या छिद्रांचा फोम ओल पितो, आणि तो कुबट वास मग कशानेही जात नाही.

३२. धान्याच्या किंवा कपाशीच्या कोठाराशेजारी खोली असेल तर मॅटच्या कडा जमिनीपासून बंद कर – उंदराला फोम फार आवडतो, त्याला तो कुरतडून पिलांसाठी अंथरायचा असतो.

३३. शेतातून आलेल्या चपलांना त्या खोलीत प्रवेश नाही, घरच्या मालकालाही नाही – काळी माती धाग्यांच्या बुडाशी बसली की ओल धरते आणि सुकल्यावर दगड होते. आठवड्याला व्हॅक्यूम, नाहीतर कडक केरसुणीने उलट दिशेने झाडणं.

३४. खिळे असलेले बूट नकोत, साधे सपाट तळाचे बूट घाल – मॅटही वाचते, गुडघाही. धाग्यात रुतलेला पाय फटक्याबरोबर वळत नाही आणि गुडघा पिळला जातो.

३५. भरिताच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, हवा तेवढा सराव कर. मे महिन्यात सकाळी लवकर आणि थोडाच – थकलेल्या हाताचा फटका मागे पडतो, आणि मागे पडलेला फटका म्हणजे पुन्हा कोपर.

खरेदी कशी करायची त्यातलं महत्त्वाचं एवढंच.

३६. पैसे देण्याआधी हातभर नमुना माग, आणि दिला नाही तर दुसरीकडे बघ – चांगली मॅट विकणाऱ्याला नमुना द्यायला कधी जड जात नाही.

३७. पुण्या-मुंबईला गेलास की एखाद्या ड्रायव्हिंग रेंजवर बादलीभर चेंडू मार आणि तिथली मॅट कोणती, ते विचारून घे – रेंजवरची मॅट रोज शेकडो फटके खाते. तिने कसं म्हातारपण काढलंय ते बघून आपल्या घरी तिचं तारुण्य किती टिकेल ते कळतं.

३८. बाहेरून मागवणार असशील तर कस्टम्स, ट्रान्सपोर्ट आणि मुंबईहून आपल्या गावापर्यंतचं भाडं मिळून किंमत काढ – चांगली मॅट एकट्याला उचलवत नाही, आणि वजनाचे पैसे शेवटी आपणच देतो. ती दुमडून पाठवणार की गुंडाळून, तेही विचार. दुमडलेल्या मॅटची घडी महिनोन्‌महिने जात नाही.

३९. जास्तीची एक पट्टी मूळ मॅटबरोबरच मागव – पहिली झिजेल तेव्हा तो आकार बाजारातून गेलेला असतो.

आणि मॅट घरी आली की.

४०. चेंडू रोज एकाच ठिपक्यावर ठेवू नकोस, दर आठवड्याला बोटभर सरकव – झीज वाटली गेली की मॅट दुप्पट जगते. यंत्राला ती जागा दिसतेय ना, एवढं बघ.

४१. पट्टीवर शिंप्याच्या खडूने आडवी रेघ ओढ, चेंडू रेघेच्या किंचित पुढे ठेव, आणि मारल्यावर रेघ पुसली का ते बघ – पुसली तर पडद्याने कितीही कौतुक केलं तरी फटका चुकलेला आहे. पडदा गोड बोलतो, खडू खरं बोलतो.

४२. खडूचा कंटाळा आला तर चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला टॉवेल ठेव – काठी टॉवेलला लागली की आपोआप कळतं, आणि मनगटालाही काही होत नाही.

४३. सुरुवातीला सगळे फटके वेजने आणि छोट्या आयर्नने, अर्ध्या ताकदीने – नवी मॅट आणि जुनं अंग यांची ओळख व्हायला वेळ लागतो.

४४. दोन महिन्यांतून एकदा तरी खऱ्या गवतावर जा, चेंबूर-येरवडा जमलं नाही तर शेताच्या बांधावर प्लास्टिकचे पोकळ चेंडू घेऊन जा – माती काय म्हणतेय ते मधून मधून ऐकायला हवं.

४५. पट्टीचे धागे एका बाजूला कायमचे झोपले, किंवा मुठीला खालचं कडक लागायला लागलं, की त्याच दिवशी पट्टी बदल – ‘अजून एक महिना चालेल’ असं म्हणत ओढलेला तो महिनाच कोपराला नडतो.

४६. मॅटभोवती काठीच्या पोहोचीपेक्षा दोन फूट जास्त लांब रंगीत पट्टी चिकटव, आणि तू काठी उचललीस की घरातलं कुणीही तिच्या आत नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांग – पुतण्याला तर रोज सांग, कारण त्याला तुझ्या मागे येऊन उभं राहायची सवय आहे.